जनरेटर फारसा चाललाच नाही, मग बिघडला कसा?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. जूनअखेरीस एका संध्याकाळी वादळी पावसात लाइट गेली, ती पावणेचार तासांनी आली. तीन तास चालेल म्हणून घेतलेला इन्व्हर्टर बारा मिनिटांत बंद पडला. मागच्या बाजूला ७.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे, त्याला सेल्फ मारला तर नुसतं टक् टक् वाजलं. रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर तपासणीच्या मध्येच बंद झाला, सेंट्रिफ्यूज न झालेली (मशीनमध्ये फिरवून सीरम वेगळं न केलेली) सॅम्पल तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी १९ पेशंटना पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं. त्यांना मी ‘मशीन बिघडलं’ एवढंच सांगितलं.

जनरेटर घेऊन चार वर्षं झाली, पण त्याचं मीटर जेमतेम ४७ तास दाखवतं, म्हणजे तो नवाच आहे. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक गेल्या वर्षीच बदलली. आमचं वायरिंग, इन्व्हर्टर सगळं सासऱ्यांच्या वेळेपासूनचे वायरमनकाका बघतात. मिस्टर म्हणतात, काकांनी दुर्लक्ष केलं, त्यांना बंद करू आणि हे सगळं मोडीत काढून लिथियम बॅटरीचा १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस (लाइट गेली तरी क्षणभरही वीज न तुटू देणारा) घेऊ. कोटेशन पावणेपाच लाखांचं आहे, कर्ज काढावं लागेल. हप्त्यांची भीती वाटते, काकांना नाही म्हणणं जिवावर येतं, पण ती संध्याकाळ पुन्हा नको. काय करू?

---

ताई,

पत्र वाचताना त्या १९ पेशंटचा विचार आला आणि तुमचाही. एखाद्या आजीबाईंना पुन्हा सुई टोचायची, तीही चूक त्यांची नसताना, हे लॅब चालवणाऱ्याला किती लागतं ते तुमच्या ओळींमधून कळतं. म्हणून आधी एक गोष्ट सांगते, तिचा खर्च शून्य आहे. त्या पेशंटना खरं सांगा. ‘लाइट गेली आणि आमची पर्यायी सोय चालली नाही, ती आता नीट करतोय’ एवढं पुरे. मशीन बिघडलं असं ऐकलं की त्यांना रिपोर्टच्या खरेपणाची शंका येते आणि ती तुमच्या लॅबला जास्त महागात पडेल.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘मीटर जेमतेम ४७ तास दाखवतं, म्हणजे तो नवाच आहे.’ कर्ज, काका, कोटेशन या सगळ्याआधी मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला आहे. पर्यायी विजेची साधनं वापरल्यामुळे जेवढी झिजतात, त्याहून जास्त ती नुसती उभी राहून खराब होतात. तुमचा जनरेटर चार वर्षांत ४७ तास चालला, म्हणजे बाकीचा सगळा काळ तो ऊन, पाऊस, धूळ खात उभा होता. त्या काळात त्याची सेल्फची बॅटरी हळूहळू आपोआप उतरत गेली. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती पुन्हा चार्ज केली तरी पूर्वीचा जोर येत नाही. जनरेटरचा स्वतःचा चार्जर बहुतेक लहान सेटमध्ये इंजिन चालू असतानाच काम करतो. जो सेट महिनोन्‌महिने सुरूच होत नाही, त्याची बॅटरी चार्ज कुठून होणार? तुम्ही ऐकलेला टक् टक् आवाज जवळजवळ नेहमी हेच सांगतो: रिले (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) उचलतोय, पण स्टार्टर फिरवायला लागणारा करंट बॅटरीत नाही. कधी टर्मिनल सैल असतं किंवा त्यावर पांढरा-हिरवा क्षार साचलेला असतो, तेव्हाही असंच वाजतं. गरजेच्या वेळी जनरेटर सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. इंजिन बिघडणं त्याच्या फार नंतर येतं. म्हणजे त्या संध्याकाळी तुमचा जनरेटर बहुधा एका लहानशा बॅटरीसाठी अडला होता. तो मोडीत काढायचा विषयच येत नाही.

डिझेलचंही तसंच. अर्ध्या भरलेल्या टाकीत दमट हवेतलं पाणी सुटतं आणि तळाशी बसतं, त्यात गाळ आणि शेवाळासारखी वाढ होते, फिल्टर चोंदतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार लवकर होतं. चार वर्षांत ४७ तास चाललेल्या सेटच्या टाकीत कदाचित दोन वर्षांपूर्वीचं डिझेल असेल. ते काढून टाका, टाकी तळातून साफ करून घ्या, फिल्टर बदला आणि पुढे टाकी शक्यतो भरलेली ठेवा. ऑइलबद्दल कंपनीच्या पुस्तकात ‘इतके तास किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. आपण तासांचं वाचतो आणि महिन्यांचं सोडून देतो.

इन्व्हर्टरच्या बारा मिनिटांचं कारण तर तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, फक्त ते कारण म्हणून लिहिलेलं नाही. दोनपैकी एक बॅटरी गेल्या वर्षी बदलली. या दोन बॅटऱ्या तुमच्याकडे सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक जोडलेल्या आहेत, दोन्हींतून एकच करंट जातो. जुनीची क्षमता समजा नवीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी उरली असेल, तर ती लगेच रिकामी होते आणि इन्व्हर्टर दोघींच्या व्होल्टची बेरीज बघून बंद होतो, नवीत चार्ज शिल्लक असला तरी. चार्ज होताना उलटा प्रकार: जुनी लवकर भरते आणि उकळत राहते, तिचं पाणी उडतं, आणि नवी पुरती भरतच नाही. वर्षभरात नवीसुद्धा जुनीच्या वळणावर जाते. त्यामुळे सिरीजमधल्या बॅटऱ्या नेहमी जोडीनं बदलायच्या, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच महिन्याच्या. मागच्या वर्षी ‘सध्या एकच बदलू’ हे कोणी ठरवलं होतं, आठवून पाहा. काकांनी दोन्हींचं सांगितलं होतं आणि घरातून एकीचेच पैसे निघाले होते का? मला ठाऊक नाही, म्हणून विचारतेय. असं अनेक दुकानांत घडतं आणि वर्षभरानं दोष वायरमनच्या नावावर पडतो.

काकांबद्दल म्हणूनच थोडं थांबून विचार करा. त्यांना तुम्ही कधी बोलवत होता? बिघडल्यावर. पैसे कशाचे देत होता? त्या खेपेचे. ‘दर महिन्याला या, बॅटऱ्यांचं पाणी बघा, जनरेटर लोडवर चालवा, रीडिंग लिहून द्या’ हे काम त्यांना कधी सोपवलं होतं का, आणि त्याचे वेगळे पैसे ठरले होते का? नसतील ठरले, तर न सोपवलेल्या कामात कुचराई केली असं आपण त्यांना म्हणू शकत नाही. मिस्टरांचा राग मी समजू शकते, नुकसान झालंय. पण नवा ऑनलाइन यूपीएस आला तरी त्याची देखभाल करायचं काम कोणालाच सोपवलेलं नसेल, तर तीन-चार वर्षांनी त्याचीही एक संध्याकाळ येईल. लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही हे खरं, पण त्या यूपीएसमधला पंखा, कपॅसिटर, जोडण्या या वयानुसार थकतात आणि ते कोणीतरी बघावंच लागतं.

तर पहिलं पाऊल खरेदीचं नको, मोजणीचं उचलूया. येत्या रविवारी लॅब बंद असताना काकांना बोलवा, मिस्टरांनाही थांबायला सांगा. काकांकडे क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजायचं यंत्र) असेलच. एकेक मशीन चालू करून किती करंट घेतं ते वहीत लिहा. मग त्या यादीकडे लॅबवाल्याच्या नजरेनं बघा, कारण हे काम कुठलाही विक्रेता तुमच्याऐवजी करू शकत नाही.

सेल काउंटर, ॲनालायझर आणि रिपोर्टचा कॉम्प्युटर क्षणभरही बंद पडता कामा नये, नाहीतर चालू असलेली तपासणी वाया जाते. पण यांचा एकत्र भार फार नसतो. यांच्यासाठी एक लहान ऑनलाइन यूपीएस हवा आणि तो अर्धा तास टिकला तरी पुरे, कारण तेवढ्यात जनरेटर सुरू झालेला असतो. सेंट्रिफ्यूजचं वेगळं आहे. तो पाच-दहा मिनिटं थांबला तर काही बिघडत नाही, पण तास-दीड तास थांबला तर बिघडतं. सीरम वेगळं न करता रक्त तसंच राहिलं की पेशी साखर वापरत राहतात आणि ग्लुकोज दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के खाली येतं, हे तुम्ही शिकलेल्याच आहात. पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपून वाढतं, तेही तुम्हाला माहीत आहे. मग जनरेटरच्या विजेवर पहिला हक्क सेंट्रिफ्यूजचा. उलट ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) बल्बमधलं रक्त काही तास सहज थांबू शकतं. त्या दिवशीचे सगळे १९ पेशंट परत बोलवायला हवेच होते का, हे तुम्ही तुमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांबरोबर बसून एकदा बघा आणि पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा: लाइट गेली तर कुठलं सॅम्पल आधी, कुठलं थांबू शकतं, कुठलं दुसऱ्या लॅबकडे पाठवायचं. माझ्या मते पावणेपाच लाखांच्या यूपीएसइतकंच हे एक पान तुमचं नुकसान वाचवेल.

रिएजंटचा (तपासणीच्या रसायनांचा) फ्रिज २ ते ८ अंशांत राहायला हवा, पण त्याला दर क्षणी वीज लागत नाही. दार न उघडता तो बराच वेळ थंडावा धरून ठेवतो. आत थर्मामीटर ठेवा आणि लाइट गेल्यावर दारावर ‘उघडू नका’ ची पाटी लावा. तुमचा फ्रिज किती वेळ धरतो ते रविवारच्या चाचणीत बघून घ्या. एसी, गिझर, बाहेरचा बोर्ड ही सगळी मंडळी इन्व्हर्टरवरून आजच काढा. तुमच्या इन्व्हर्टरवर एसी नसेल तर उत्तम, पण ‘एक पॉइंट राहिला होता, तिथे जोडला’ असं फार ठिकाणी सापडतं.

आता त्या ‘तीन तासां’चा हिशेब. समजा तुमच्या दोन बॅटऱ्या १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) आहेत, म्हणजे २४ व्होल्ट गुणिले १५०, कागदावर ३.६ युनिट वीज. पण तो १५० चा आकडा वीस तासांत सावकाश उतरवली तर मिळणारा आहे. एक किलोवॉटचा भार लावला की करंट पन्नास अँपिअरच्या आसपास जातो आणि त्या वेगानं बॅटरी तिच्या आकड्याहून बरीच कमी वीज देते. नव्या जोडीवरही साधारण दोन तास धरावे. ‘तीन तास’ सांगताना विक्रेत्यानं कुठला भार धरला होता, हे तुम्हाला सांगितलं नसणार.

भार कळला की खरी चाचणी. बॅटऱ्या रात्रभर चार्ज करा आणि सकाळी मेन स्विच हातानं बंद करा. लॅब नेहमीसारखी चालवा आणि दर दहा मिनिटांनी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. नुसत्या उभ्या बॅटरीचे व्होल्ट फसवे असतात. मरायला टेकलेली बॅटरीही १२.५ दाखवते आणि भार पडताच कोसळते. जी आधी १०.५ च्या खाली जाईल ती गेलेली. काकांकडे हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) असेल तर प्रत्येक सेलचं रीडिंग घ्या. पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलर बॅटरीत ते १२४० च्या आसपास हवं, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ३० हून जास्त खाली असेल तर त्या बॅटरीवर विसंबू नका. नव्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी मोठ्या आस्थापना बदलून टाकतात. लहान लॅबला थोडं सैल धरता येईल, पण ती कुठल्या टक्क्यावर आहे हे माहीत तरी हवं.

हे करताना काळजी घ्या. हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, टर्मिनलवर धातू आडवा पडला तर क्षणात भाजतं. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण आत सल्फ्युरिक ॲसिड आहे. बॅटऱ्या जिन्याखालच्या बंद कपाटात असतील आणि वर रिएजंटचे खोके रचलेले असतील, तर ते कपाट आधी उघडं करा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. शिवाय बंद कपाटातली उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की सीलबंद बॅटरीचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. साताऱ्यातला मे महिना आणि बंद कपाट एकत्र आलं की काय होत असेल, कल्पना करा. आणि पाणी भरायचं ते फक्त डिस्टिल्ड. आरओचं, उकळलेलं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी बॅटरीत घालू नका, त्यातले क्षार आणि धातूचे अंश प्लेटा खातात. वरून ॲसिड तर कधीच नाही.

जनरेटरला सेल्फची नवी बॅटरी बसवली की तिच्यासाठी मेनवर चालणारा एक छोटा ट्रिकल चार्जर (सतत थोडं थोडं चार्ज करणारा) कायम लावून ठेवा. तुमच्या सगळ्या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची वस्तू तीच असेल. मग महिन्यातून एकदा जनरेटर चालवा, पण नुसता नाही. कुलूप उघडून पाच मिनिटं रिकामा फिरवला आणि बंद केला, ही चाचणी मी खूप ठिकाणी बघते आणि तिच्यानं भलं काहीच होत नाही. सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीजही तेवढ्यात भरून येत नाही, आणि भाराविना फिरणारं डिझेल इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचत जाते. आणीबाणीच्या जनरेटरसाठीचं अमेरिकेतलं एनएफपीए ११० मानक दरमहा किमान ३० मिनिटं आणि किमान ३० टक्के भारावर चालवायला सांगतं. आपल्याला तो नियम लागू नाही, पण आकडा शहाणपणाचा आहे. तुमचा ७.५ केव्हीएचा सेट साधारण ६ किलोवॉटचा, त्याचे ३० टक्के म्हणजे १.८ किलोवॉट. लॅबच्या मशीनांनी तेवढा भार होत नसेल तर त्या अर्ध्या तासात एसीही लावा. महिन्याच्या चाचणीत एसीचा असा उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र विनवणी म्हणून लिहिते, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक दुकानदारासाठी. जनरेटरची वीज चेंजओव्हर स्विचमधूनच घ्या, ज्यात मेन आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाऊच शकत नाहीत, आणि फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून सॉकेटमधून उलटी वीज सोडणं मी अजून पाहते. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून हजारो व्होल्टची होते, आणि त्याच वेळी वादळात तुटलेली तार जोडायला महावितरणचा जनमित्र (लाइनमन) खांबावर चढलेला असतो. तो आपल्याच गावातला कुणाचा तरी मुलगा असतो. तुमच्याकडे काय बसवलं आहे ते रविवारी उघडून बघा. जनरेटरच्या बॉडीचं आणि न्यूट्रलचं अर्थिंग वेगवेगळं आहे का तेही विचारा, आणि तुमच्या सेटला विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते का याची चौकशी जिल्ह्याच्या कार्यालयात करून घ्या.

आणि जनरेटर उघड्यावरच हवा. तुमचा मागच्या बाजूला आहे, चांगलं आहे. पण चोरी होईल म्हणून शटरच्या आत किंवा तळघरात जनरेटर चालवणारे वाचक असतील तर त्यांनी आजच तो बाहेर काढावा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतंय म्हणून माणूस जरा आडवा होतो आणि उठत नाही.

आता पैशांचं. बॅटरीकडे मालमत्ता म्हणून बघू नका, तो चालू खर्च आहे, रिएजंटसारखा. गावातल्या दुकानात चांगल्या जोडीचा भाव विचारा, जुन्या बॅटऱ्यांचे मिळणारे पैसे वजा करा आणि ४८ नं भागा. तेवढी रक्कम दरमहा बाजूला पडली की चार वर्षांनी ‘सध्या एकच बदलू’ असं म्हणायची वेळ येत नाही. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराला किंवा अधिकृत पुनर्वापरकर्त्यालाच द्या, भंगारवाल्याच्या हातगाडीवर नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत तसंच सांगितलं आहे, आणि शिसं उघड्यावर वितळवलं की ते आसपासच्या लहान मुलांच्या रक्तात जातं, हे लॅबवाल्यांना मी काय सांगावं.

काकांशी बोलताना झालेल्या गोष्टीचा जाब मागण्याऐवजी पुढचं काम मांडा. दरमहा एक ठरलेली रक्कम, ठरलेला वार, आणि एक साधं रजिस्टर: दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट, पाण्याची पातळी, टर्मिनल साफ केले का, जनरेटर किती वेळ किती भारावर चालला, डिझेल किती, मीटरचे तास. खाली काकांची सही आणि त्याखाली तुमची. तुमची सही महत्त्वाची, कारण तेव्हाच तुम्ही ते वाचाल. काका वयानं थकले असतील तर त्यांच्याबरोबर तुमच्या लॅबमधल्या एखाद्या मुलाला शिकू द्या. लाइट गेल्यावर काका येईपर्यंत चेंजओव्हर फिरवून जनरेटर सुरू करता येणारी निदान दोन माणसं लॅबमध्ये हवीत, आणि त्यातली एक तुम्ही असा. काकांना हे काम नको असेल तर तेही मोकळेपणानं सांगू द्या. मग कंपनीचा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घ्या, पण करारात बॅटरी धरली आहे का ते वाचा, बहुधा नसते. वर्षाला भेटी किती, बिघाड कळवल्यावर माणूस किती तासांत येणार आणि कुठल्या गावाहून, आणि प्रत्येक भेटीचं रीडिंग कागदावर मिळणार का, हेही लिहून घ्या. तीस किलोमीटरवरच्या कंपनीच्या माणसापेक्षा सायकलवर येणारे काका वादळात आधी पोहोचतील.

लिथियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. रोज दोन-तीन तास लाइट जाणाऱ्या भागात, जागा कमी असलेल्या दुकानात, पुन्हा पटकन चार्ज व्हायला हवी अशा ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चांगली टिकते आणि दूरच्या हिशेबात परवडते. पण तुमच्याकडे वीज रोज जात नाही. वर्षातून काही वेळा जाते आणि तेव्हा लांबते. अशा ठिकाणी बॅटरी अर्ध्या तासाचा पूल बांधते आणि लांबचा पल्ला जनरेटर गाठतो. दहा केव्हीएच्या यूपीएसची बॅटरीसुद्धा एक-दोन दिवसांच्या खंडाला पुरणार नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईसारख्या शहरातही सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. आपल्याकडे वादळात खांब पडले तर दुरुस्तीला किती वेळ लागतो ते तुम्ही जाणताच.

गच्चीवर सोलर आहे म्हणून निर्धास्त असलेल्या वाचकांनीही एक तपासावं. महावितरणला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होतं, भर उन्हातसुद्धा. आणि नदीकाठच्या गावांत बॅटऱ्या, यूपीएस जमिनीवर ठेवू नका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गावातल्या कुणालाही विचारा आणि त्याच्या वर कट्टा बांधा.

कोटेशनची मुदत संपतेय असा फोन येईल. त्यांना सांगा, मोजणी झाल्यावर बोलू. मग तुमची भाराची यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा: या भारावर किती मिनिटं चालेल ते लेखी द्याल का, तिसऱ्या वर्षी पुन्हा चाचणी करून ती मिनिटं दाखवाल का, यूपीएस बंद पडला तर दुरुस्त होईपर्यंत दुसरा देणार का, आणि माझ्या सध्याच्या जनरेटरच्या विजेवर हा यूपीएस नीट चार्ज होतो का. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा, कारण लहान जनरेटरचे व्होल्ट आणि फ्रिक्वेन्सी हलत राहिली तर काही ऑनलाइन यूपीएस ती वीज स्वीकारतच नाहीत. त्यांनी होकार दिला तर आधी तुमच्याच जनरेटरवर लावून दाखवायला सांगा.